शनिवारचा बर्फ

"तो बर्फ नाहीये," अनंत दातार म्हणाले. "फेस आहे. साबणाचा."

कल्याणीने त्यांच्या हातातून सुई काढली, कापूस ठेवला आणि अंगठ्याने दाबून धरला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून बावीस.

"कशावरून म्हणता?"

"तिच्या केसांवर पडून दोन मिनिटं झाली. वितळला का? शिवाय एवढी थंडी असेल तर बोलताना तोंडातून वाफ निघायला हवी. हे लोक तासभर बडबडतायत. वाफ कुठाय?"

कल्याणीने टीव्हीकडे पाहिलं. लाल कोटातली एक गोरी बाई बेकरीच्या दारात उभी राहून शुद्ध हिंदीत सांगत होती, की तिला माँच्या हातचा केक आठवतो. मागे घंटा वाजत होत्या. वाफ नव्हती.

"मग बघता कशाला, काका?"

"छत्तीस वर्षं वेधशाळेत खरी हवा बघितली. आता खोटी बघतो. तुमची काही हरकत?"

हरकत नव्हती. कल्याणी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. सकाळी सहापासून दहापर्यंत अकरा घरं. बाकीच्यांना ती सांगायची, "दोन मिनिटं दाबून धरा," आणि जिना उतरायची. दातारांचं तसं नव्हतं. त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, आणि रक्त थांबायला पाच मिनिटं लागायची. उजवा हात थरथरायचा, त्यामुळे दाबून धरण्याचं काम कल्याणीकडे. कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पाच मिनिटं तिला हलता येत नसे, आणि समोर टीव्ही असे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून त्या चॅनलवर रोज सकाळी नाताळचे सिनेमे लागत. थिएटरात कधीच न येणारे, टीव्हीसाठीच केलेले. दोन-तीन पाहिल्यावर कल्याणीला त्यांची रचना कळली. मोठ्या शहरातली बाई लहान गावात परतते. वडिलांचं काहीतरी बंद पडायला आलेलं असतं. गावात एक चांगला माणूस असतो, त्याला एक मुलगी असते आणि बायको नसते.

"सगळ्यांच्या बायका कशा गेलेल्या असतात हो?" तिने एकदा विचारलं होतं.

"तीच तर सोय आहे. या सिनेमांत कोणी मरत नाही. ज्यांना मरायचंय ते सिनेमा सुरू व्हायच्या आधीच उरकून घेतात."

हे सांगताना त्यांनी भिंतीवरच्या पत्नीच्या, सुनीतीबाईंच्या फोटोकडे पाहिलं नाही. कल्याणीनेही पाहायचं टाळलं.

पहिल्या वेळी पाच मिनिटं संपली तेव्हा तिने दारातून विचारलं होतं, "मग ती बेकरी राहते का शेवटी?"

"पुढच्या वेळी सांगतो," दातार म्हणाले होते.

पण पुढची वेळ चार आठवड्यांनी होती. रक्त किती पातळ आहे हे सांगणारा दातारांचा आकडा वर्षभर दोन पूर्णांक चारच्या आसपास स्थिर होता. दोन ते तीनच्या मध्ये हवा, आणि तसा असला की महिन्यातून एकदा तपासलं तरी चालतं. त्या दिवशीच्या रक्ताचा आकडा मात्र एक पूर्णांक सात आला. आकडा खाली म्हणजे रक्त घट्ट, म्हणजे गुठळीची भीती, आणि गुठळी मेंदूकडे गेली तर अर्धांग. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आणि लिहून दिलं, दर शनिवारी तपासा.

पहिल्याच शनिवारी कल्याणीने आकडा सांगितला. दातारांनी मान हलवली.

"बरं. आता तुमचा रिपोर्ट घ्या. बेकरी वाचली. लग्न ठरलं. मुलीला कुत्रा मिळाला."

ती हसली. हसण्याचा आवाज तिला स्वतःलाच जरा मोठा वाटला.

तशी दिवसभर ती बोलायची. मूठ आवळा. झालं. दाबून धरा. पण आई मार्चमध्ये गेल्यापासून वारज्याच्या खोलीत बोलायला कोणी नव्हतं. एका रविवारी दुपारी चार वाजता कुरिअरवाल्याला "हो, मीच" म्हणताना घसा खरखरला, तेव्हा लक्षात आलं की आदल्या संध्याकाळपासून हे पहिलंच वाक्य. मोबाइलवर शोधले असते तर ते सिनेमे अख्खे पाहता आले असते. तिने शोधले नाहीत. शेवट दातारांकडून ऐकायचा, असं काहीतरी तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

पुढच्या शनिवारी एक पूर्णांक पाच. त्याच्या पुढच्या, दोन पूर्णांक एक. मग पुन्हा एक पूर्णांक सहा.

"तुम्ही गोळी चुकवता का?" तिने विचारलं.

"मी? अहो, मी पावसाची नोंद नवऱ्या मुलाच्या वेशात जाऊन घेतलीये. स्वतःच्या लग्नादिवशी. चुकवणं आम्हाला येत नाही."

ते खरं होतं. त्याच दिवशी हात धुवायला ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली होती. डाव्या रकान्यात रोजचं किमान तापमान, मध्ये गोळीची वेळ, उजवीकडे जेवण. अक्षर सरळ, एकही खाडाखोड नाही. गोळी रोज सातला. जेवण रोज जवळपास सारखं. फक्त बुधवारी: मेथी, दोन वाट्या. गुरुवारी: पालक, दोन वाट्या. शुक्रवारी: मेथी, तीन वाट्या. शनिवारी सकाळपासून काही नाही. दर आठवड्याला असंच. ज्या एका आठवड्यात आकडा दोनच्या वर गेला होता, त्या आठवड्यात शेरा होता: बाजारात मेथी मिळाली नाही.

पालेभाजीने त्या गोळीचा परिणाम कमी होतो, हे त्या औषधावरच्या प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी सांगतात. दातारांना तर तिनेच सांगितलं होतं.

ती हात पुसून बाहेर आली. टीव्हीवर कोणीतरी झाडाला दिवे लावत होतं. वहीबद्दल ती काहीच बोलली नाही. पुढचा आठवडाभरही बोलली नाही. लॅबमध्ये नाही, डॉक्टरांकडे नाही. स्कूटर चालवताना तिने स्वतःला सांगून पाहिलं की आहारात ढवळाढवळ करणं आपलं काम नाही. ते काही पटेना. शनिवार आपल्यालाही हवाय, हे कारण मात्र लगेच पटलं, आणि त्यामुळेच तिला भीती वाटली.

पुढच्या शनिवारी आकडा एक पूर्णांक तीन होता. सगळी घरं आटपून लॅबमध्ये नमुने दिल्यावर तासाभरात तो कळला, आणि ती परत तिसऱ्या मजल्यावर गेली.

"काका, मेथी बुधवारपासूनच का?"

दातारांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"वही वाचलीत."

"टांगलेली होती."

"टांगलेलीच असते." त्यांनी रिमोट बाजूला ठेवला. "प्रयोग म्हणा."

"कसला प्रयोग? एक पूर्णांक तीन आलाय. एखाद्या सकाळी मी बेल वाजवीन आणि तुम्हाला उठून दार उघडता येणार नाही. तोंड वाकडं झालेलं असेल. तेव्हा कोणाला सांगणार शेवट?"

"आकडे मला कळतात."

"मग?"

"मग काय? महिन्यातून एकदा पाच मिनिटं म्हणजे वर्षाचा एक तास होतो. सरासरी काढायला तेवढी निरीक्षणं पुरत नाहीत."

बॅगेचा पट्टा तिने दोनदा सरळ केला.

"मी फॉर्मवर शेरा लिहिणारे. डॉक्टर वाचतील."

तिला वाटलं होतं ते चिडतील, निदान नको म्हणतील. ते म्हणाले, "लिहा की. नोंद जशी असेल तशीच करायची असते. आमच्याकडे एकाने खिडकीतून बघून पाऊस लिहिला होता, त्याच्याशी मी वर्षभर बोललो नव्हतो."

जिना उतरून तिने स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि लिहिलं: पालेभाज्यांचं प्रमाण आठवड्यातले तीन दिवस बरंच जास्त. का, हे लिहायला जागा नव्हती.

मंगळवारी लॅबमधली हेमा काउंटरमागून म्हणाली, "कल्याणी, तुझे तीन जिने वाचले गं. ते दातार बंद झाले."

कल्याणीचा हात नमुन्यांच्या बर्फाच्या डब्यावर तसाच राहिला. "बंद म्हणजे?"

"अगं, गोळी बदलली डॉक्टरांनी. म्हणाले आकडा काही टिकत नाही, पथ्याचा भरवसा नाही. नव्या गोळीला भाजी चालते आणि ही टेस्टच लागत नाही. चांगलंय की. म्हाताऱ्या माणसाला उगाच दर आठवड्याला टोचायचं." मग तिने वर पाहिलं. "तुला काय झालं?"

"काही नाही. चांगलंच आहे."

त्या शनिवारी सव्वाआठची वेळ रिकामी होती. कल्याणीने एका टपरीवर चहा घेतला, तो संपवला, आणि तरी वेळ उरला म्हणून आणखी एक घेतला.

त्याच्या पुढचा शनिवार डिसेंबरातला शेवटचा होता. तिने रजा टाकली. आईच्या आजारपणानंतर टाकलेली पहिलीच. साडेसातला ती तिसऱ्या मजल्यावर पोचली. बॅग नव्हती, बर्फाचा डबा नव्हता, लॅबचा पांढरा कोटही नव्हता. दार उघडल्यावर दातारांनी आधी तिला ओळखलंच नाही.

"आज टेस्ट नाहीये," ते म्हणाले. म्हणता म्हणता त्यांचा हात सवयीने डाव्या बाहीच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"माहितीये."

"नवी गोळी उत्तम चाललीये."

"बरं झालं."

दोघंही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे होते. शेजारचं दार किलकिलं झालं, एक पिशवी दुधाची आत गेली, दार लागलं.

"सुरू झाला का?" कल्याणीने विचारलं.

दातारांनी मागे वळून घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं झालीत. फारसं काही गेलं नाही तुमचं. वडील पडलेत, पाय मोडलाय, दुकान विकायला काढलंय." आणि ते दारातून बाजूला झाले.

नेहमी ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसायची. आज त्यांनी आतून एक खुर्ची ओढत आणली. तिला उचलू दिली नाही. हात रिकामे असल्यामुळे ते कुठे ठेवायचे हे तिला बराच वेळ ठरवता आलं नाही. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.

सिनेमा दीड तासाचा होता. जाहिरातींत ते दोघं जाहिराती पाहत होते. मध्येच एकदा दातार उठले आणि चहा करून आणला. थरथरणाऱ्या हातामुळे बशीत थोडा सांडला होता. दुकान राहिलं. मुलगी हसली. बाईने शहराकडे जाणारी गाडी सोडून दिली. शेवट पाहताना कल्याणीच्या लक्षात आलं की तो जेमतेम चार मिनिटांचा असतो. सांगायला तर त्याहून कमी वेळ लागत होता.

नावं वर सरकायला लागली तेव्हा दातारांनी टीव्ही बंद केला.

"एक तारखेपासून हे नसतात," ते म्हणाले. "मग मारामाऱ्या सुरू."

"हो का."

"पुन्हा नोव्हेंबरात."

कल्याणीने मनात महिने मोजले. दातार ऐंशीच्या घरात होते, आणि त्यांनीही मोजले असणार.

"निघते, काका."

"हं. सावकाश उतरा. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय."

तिने चपला घातल्या. पहिला जिना उतरली, दुसरा उतरली. वर दार लागल्याचा आवाज अजून आला नव्हता. शेवटच्या जिन्यावर तिने पावलं मुद्दाम जड टाकली, ऐकू जातील अशी, आणि एकेका पायरीवर थोडं थांबत ती खाली गेली.