तिची उत्तरं, त्याचा अंगठा

लिफ्ट तपासणारा तो माणूस कामात मोठा काटेकोर. दोर, ब्रेक, दरवाजे स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय कागदावर सही करायचा नाही. "न बघता सही करायची तर घरी बसा की," असं सहकाऱ्यांना सुनावायचा. आणि हाच गृहस्थ स्वतःच्या घराबद्दल दर सोमवारी न बघता सही ठोकत होता.

त्याचं असं झालं. बायकोला सहावा महिना लागला तेव्हा दवाखान्यात एक ॲप सुरू करून दिलं. आठवड्यातून एकदा दहा प्रश्न यायचे. झोप लागते का, उगाच रडू येतं का, बाळाबद्दल काय वाटतं. उत्तरं सिस्टर वाचणार आणि काही खटकलं तर समुपदेशक बाई फोन करणार, अशी चांगली सोय. पण नंबर लिहायची वेळ आली तेव्हा हा पुढे सरसावला आणि स्वतःचाच देऊन मोकळा झाला. म्हणे, तिच्या डोक्याला कशाला ताप! मग सोमवारी कामावर, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पटापट दहा गोड उत्तरं. अर्ध्या मिनिटात काम फत्ते.

बाळ झालं, दोन महिन्यांचंही झालं. बायको मात्र बोलेनाशी झाली. बाळ रडलं तरी भिंतीकडे बघत बसायची. "आम्ही नाही का पोरं वाढवली? नुसते नखरे," त्याची आई म्हणायची. तो मान डोलवायचा. खरं सांगायचं तर मान डोलवणंच सोयीचं होतं.

लस टोचायला बाळाला नेलं, तेव्हा सिस्टर बायकोला सहज म्हणाल्या, "दर आठवड्याला न चुकता उत्तरं देता हो तुम्ही."

"कसली उत्तरं?" तिने विचारलं.

त्याच संध्याकाळी सिस्टर घरी हजर. चपला काढता काढताच त्यांनी त्याला विचारलं, "बाळंतीण कोण, तुम्ही की ती?"

"तिला त्रास नको म्हणून केलं हो."

"त्रास तिला होतच होता. तुम्ही तो फक्त आम्हाला कळू दिला नाहीत. न तपासता लिफ्ट चालू ठेवली आणि आत माणूस असला तर?"

आई मध्ये पडली, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं."

"दुखणं तेव्हाही होतं, आजी. विचारणारं कुणी नव्हतं. तुम्हाला नाही कधी रडू आलं?"

आईने बाळाला उचललं आणि ती आत गेली.

"यांनाही बाहेर पाठवू का?" सिस्टरनी बायकोला विचारलं.

"नको. ऐकू दे त्यांना."

सिस्टर एकेक प्रश्न वाचत गेल्या. झोप? "नाही." रडू? "रोज." दहावा प्रश्न होता, जीव नकोसा वाटतो का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?

ती दुपट्याची घडी घालत होती. "तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "रोज वाटतं."

त्या तीन आठवड्यांतल्या तिन्ही सोमवारी त्याने 'कधीच नाही' दाबलं होतं.

सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही असं बजावलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. औषधं सुरू झाली. ॲप तिच्या स्वतःच्या फोनवर आलं. आता समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा तिच्याशी बोलतात. ती दार लावून बोलते, तो बाहेर बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारतो. दोन महिन्यांनी ती बाळाकडे बघून हसली. त्याच्याकडे बघून अजून नाही.

एकदा धीर करून त्याने विचारलं, "माझ्यावर राग आहे?"

"राग नाही हो," ती शांतपणे म्हणाली. "पण मी मेले असते, तरी तुमच्या फोनवर मी मजेतच असते."



मंडळी, असा अंगठा आपल्याही घरात असेल, तर तो आजच आवरा. फोनमुळे जीव वाचतो, पण त्याला खरं सांगितलं तरच. बाळंतिणीच्या मनात काय चाललंय ते तिलाच बोलू द्या. आपण शेजारी बसावं आणि ऐकावं, ऐकवत नसलं तरी.