दादाच्या डोळ्यातल्या केशवाहिन्या

माझा थोरला भाऊ तुआला म्हणजे आमच्या गावचा वक्ता, सभेत गावाच्या वतीनं बोलणारा सरदार. काठी टेकून तो सभेत उभा राहिला की सावाई बेटावरच्या मोठमोठ्या सरदारांनी गप्प बसावं.

पेनिना माझी धाकटी लेक. पलीकडच्या बेटावर, राजधानी आपियाच्या इस्पितळात डोळ्यांची नर्स आहे. गेल्या वर्षी डोळ्याच्या आतला फोटो काढणारं यंत्र घेऊन ती फेरीबोटीनं गावात आली आणि बायकांच्या समितीच्या घरात मांडून बसली. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. सगळे दादाकडे बघत होते, आणि दादा म्हणत होता, "पंधरा वर्षं साखर आहे मला. काय झालंय? प्रवाळाच्या रांगेपलीकडची होडी अजून ओळखतो मी."

तिसऱ्या दिवशी पेनिनाच त्याच्या घरी जाऊन चटईवर मांडी घालून बसली.

"मामा, होडी ओळखता. पण होडीतली माणसं?"

"पोरी, जीभ फार चालते तुझी."

"भाची कुणाची?"

दादा हसला. मग आला.

फोटोत लाल ठिपके दिसले. "हे कसले?"

"रक्त झिरपलंय, मामा. साखरेनं केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत केल्यात."

"म्हणजे डोळ्याचंच दुखणं. बाकी मी ठणठणीत."

"रक्त एकच आहे, मामा. केसाहून बारीक नळ्या अंगभर आहेत, पण प्रत्येक अवयवात मांडणी निराळी. मूत्रपिंडात त्यांची काथ्याच्या गुंडाळीसारखी वेटोळी. रक्त जोरानं येतं आणि गाळलं जातं. यकृतात त्या रुंद, भिंतींना भोकं. तिथं रक्त रेंगाळतं. स्नायूत सरळ, शेजारी शेजारी. तुम्ही वल्ही मारायला लागलात की तिथली धाव वाढते. फुप्फुसात रक्तपेशी एकामागोमाग एक, अंग चोरून सरकतात. हे सगळं झाकलेलं. न कापता रक्तवाहिन्या दिसतात त्या इथं, डोळ्यात."

दादा फोटोकडे वाकला. मग म्हणाला, "मूत्रपिंडाचं परत सांग."

तीनदा सांगायला लावलं. त्याचे ओठ हलत होते. मी ओळखलं, हा पाठ करतोय.

रविवारी प्रार्थनेनंतर जेवणं झाली आणि दादा काठी घेऊन उठला. आधी त्यानं घराण्यांची नावं घेतली. मग पाहुण्या सरदारांना देतात तो मान देऊन माझ्या लेकीला संबोधलं! आणि तो रक्ताची गोष्ट सांगू लागला: हृदयातून निघालेली यात्रा, प्रत्येक घरी निराळी रीत. मूत्रपिंडाच्या घरी दाटीवाटीनं शिरायचं, यकृताच्या घरी ऐसपैस बसायचं, फुप्फुसाच्या घरी रांगेनं जायचं.

शेवटी म्हणाला, "माझ्या घरची भिंत गळतेय. ती होडी मला दिसत नाही. खोटं बोललो मी."

आमच्याकडे सरदार असं बोलत नाहीत.

"माझ्या बहिणीच्या मुलीसमोर मी डोळे उघडून बसलो. तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

हशा पिकला. सोमवारी समितीच्या घरापासून फणसाच्या झाडापर्यंत रांग होती. आठवडाभरात एकशे बारा जण तपासले; त्यातल्या एकोणीस जणांना पुढच्या उपचारांसाठी आपियाला न्यावं लागलं. त्यात दादाही. लेझरनं डावा डोळा वाचला, उजवा अंधुकच राहिला. लघवी तपासली तर मूत्रपिंडही थकायला लागलेलं. आता कुरकुरत का होईना, गोळ्या घेतो.

मागच्या महिन्यात शेजारच्या गावानं पेनिनाला बोलावलं. मीही गेले. यंत्राची पेटी मी कुणाला उचलू दिली नाही. तिथल्या सरदाराच्या बायकोनं विचारलं, "तुम्हीपण नर्स का?"

"छे," मी म्हटलं, "मी नर्सची आई."