अर्ध्या वेगाची मास्तरीण

मित्रांनो, मी एक जुना इअरफोन आहे. माझा डावा कान कधीच मुका झाला. उजवाही कधी दगा देईल, या धास्तीतच मी दिवस काढले.

माझी मालकीण एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. हात कामात आणि कानात मी. माझ्यातून ती इंग्रजी शिकवणारा पॉडकास्ट ऐकायची. त्यातल्या बाई प्रश्न विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या. तेवढ्यात ती वाफेच्या ढगात उत्तर पुटपुटायची. "माझी मास्तरीण माझ्या कानात राहते," असं ती सगळ्यांना सांगायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

मग रिसेप्शनवर जागा निघाली. मॅनेजर इंग्रजीत मुलाखत घेणार होते. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिथेच कामाला असलेल्या तिच्या जावेने मला सहज कानाला लावलं आणि ती खो खो हसत सुटली.

"अगं, ही बाई झोपेत बोलतेय का?"

माझी मालकीण गोरीमोरी झाली. पहिल्याच दिवशी तिने पॉडकास्टचा वेग अर्धा केला होता, तो तसाच राहिला होता. जावेने तो नेहमीचा केला आणि मला परत हिच्या कानात घातलं. बाईंचं बोलणं सरसर निघून गेलं आणि हिला अवाक्षर कळलं नाही. तिचा अडकलेला श्वास मला ऐकू आला.

"मी नाही जात उद्या. हसं होईल माझं."

"जायचं गुमान! नाही कळलं तर परत विचार. तोंड शिवलंय का तुझं?"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांसमोर मी तिच्या घामेजल्या मुठीत होतो. त्यांनी भरभर काहीतरी विचारलं. त्यांनी लगेच दुसरा प्रश्न टाकला. मूठ इतकी आवळली की माझी वायर आतून तुटली.

"सर... प्लीज, स्लो."

संपलं सगळं, असं मला वाटलं. मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिलाच प्रश्न पुन्हा सावकाश विचारला. ती उत्तर देऊ लागली आणि हळूहळू मूठ सैल झाली.

आता ती रिसेप्शनवर असते आणि मी तिच्या खणात. खण उघडला की कचऱ्याच्या डब्याच्या भीतीने आजही माझी गाळण उडते. मित्रांनो, आमच्या वायरी ओढू नका, आवळू नका. आणि शब्द शोधणाऱ्या माणसाला घाई करू नका. काउंटरपुढे कुणी घाबरून अडखळलं, की ती पॉडकास्टमधल्या त्या बाईंसारखीच थांबते. तेवढा वेळ मलाही भीती वाटत नाही.