पडद्यामागचा फासा

मी एक जुना आडपडदा आहे. फ्रिजच्या खोक्यातून कापलेला, तीन घड्यांचा, बाहेरून काळा रंग फासलेला. लोक म्हणतात, आडपडदा न ठेवता बोलावं. मग मित्रांनो, आज मी स्वतःच बोलतो. गोड बोलता येत नाही मला.

मला वहिनीने बनवलं. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते आणि सुट्टीला जेवणाच्या टेबलावर गोष्टीचा खेळ चालवते. तिची नणंद होते ढालवाली, धाकटा दीर होतो जादूगार, आणि उरलेलं सगळं जग, राक्षस, वादळ, ड्रॅगन, म्हणजे वहिनी. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा, तर लागला. वहिनी ड्रॅगनचा फासा माझ्यामागे टाकायची. समोरच्यांना तो दिसायचा नाही. मला दिसायचा.

सुरुवातीला माझा काय थाट! "काय शिजतंय तिकडे?" म्हणत दोघंही माना लांबवायची. ड्रॅगनही तेव्हा ड्रॅगन होता. कड्यावरून झेपावायचा, आग ओकून ढगात शिरायचा, कोणाला दम खाऊ द्यायचा नाही. एकदा त्याने जादूगाराची राख केली. दीर फुगला. "कामं आहेत" म्हणत यायचाच बंद झाला. वहिनीने मनधरणी करून त्याला परत आणलं, आणि तिथेच खेळाला कीड लागली.

तेव्हापासून माझ्यामागे अठरा पडायचे आणि वहिनी सांगायची, "चार! हुकला!" उडणारं जनावर दावणीच्या गाईसारखं जमिनीवर उभं. या, मारा मला! याला लढाई म्हणतात? दोघं दर वेळी जिंकायची आणि जांभया द्यायची. मला वहिनीचा राग यायचा, आणि जांभया देणाऱ्यांचा संशय. माहीत असूनच गप्प बसत नव्हती ना ती?

नणंद दाताच्या दवाखान्यात काम करते. "अजिबात दुखणार नाही" हे ती दिवसभर म्हणते. त्यामुळे खोटा धीर देणारा आवाज तिला ओळखू येतो.

त्या दिवशी खेळात ढालवाली पुलावर एकटी उभी होती, मागच्या गावाला पळून जाता यावं म्हणून. वहिनीने ड्रॅगनचा फासा टाकला. वीस.

"तीन! हुकला!"

नणंदेने तिच्याकडे रोखून पाहिलं. "वहिनी, सुई टोचताना मी असाच आवाज काढते."

"काहीतरीच काय वन्सं! पडला तसा सांगितला."

"मग पडदा उचल."

"जाऊ दे ना ताई," दीर म्हणाला. "जिंकतोय ना आपण?"

"आपण कुठे जिंकतोय? ही जिंकवतेय. तू रुसलास तेव्हापासून."

"मी? मी कधी रुसलो?" तो रुसून म्हणाला.

नणंदेने मला उचलून बाजूला ठेवलं. वीसचा आकडा उघडा पडला. वहिनी खाली बघत राहिली. "तुम्हीही यायच्या बंद झालात तर? मी कोणाबरोबर खेळायचं?"

"राख झाले तरी येईन. पण मला लहान मुलासारखं जिंकवलंस, तर पाऊल ठेवणार नाही."

वहिनीने खोल श्वास घेतला. "बरं. लागला. ढाल वितळली. ढालवाली गेली."

नणंदेचा चेहरा उतरला. तरी ती उठली नाही. ड्रॅगनने पंख पसरले.

"आता कुणीकडे?" दीर घाबरून पुढे सरकला.

"तुमच्याकडेच, भाऊजी."

"अगं ताई, काहीतरी सुचव ना!" तो ओरडला, आणि मेलेली ढालवाली हसत हसत त्याच्या कानाला लागली.

हल्ली मी फक्त वहिनीच्या गुप्त नकाशांपुढे उभा असतो. फासे टेबलाच्या मधोमध पडतात. मित्रांनो, मला जपा. घड्यांवर चिकटपट्टी लावा, चहाचे कप माझ्यावर ठेवू नका. ड्रॅगनची गुहा मी खुशाल लपवीन. पण तुमची कीव करून कोणी तुम्हाला जिंकवत असेल, तर मला उचलून फेका. मी रागावणार नाही.