अंगठ्याखालची मुरड

इर्मा सोलारीच्या लॅबमध्ये एक कायदा होता आणि तो तिनेच केला होता. जेल म्हणजे पाण्यात बुडवलेली थलथलीत वडी, तिच्यातून वीज सोडून नमुने पळवतात. त्या जेलच्या तारा जो उलट्या जोडेल, त्याने अख्ख्या मजल्याला गोड पाव खाऊ घालायचे. नमुने लाल तारेकडे धावतात. लालच्या जागी काळी लावली, की ते भलत्याच दिशेने निघतात आणि पाण्यात मिसळून जातात. असं कुणी केलं की इर्माचा आवाज खालच्या बसथांब्यापर्यंत ऐकू जाई. तिच्यावर मात्र गोड पाव आणायची वेळ कधी आली नव्हती, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

डिसेंबर म्हणजे तिकडे भर उन्हाळा; त्या उकाड्यात देल्मिरा तुकुमानहून बसने ब्वेनोस आयरेसला आली होती. सोबत तिची सहा वर्षांची आयलेन आणि फडक्यात बांधलेला एंपानादांचा, म्हणजे सारण भरलेल्या तिकडच्या करंज्यांचा, डबा. आयलेनचे हातपाय थरथरत, चालताना तोल जाई. तिच्यासाठी म्हणून मुद्दाम घडवलेलं औषध इर्माने तिच्या पेशींवर टाकून पाहिलं होतं, आणि त्याचा निकाल आज लागायचा होता. औषध लागू पडलं असेल तर पुढची वाट मोकळी. नाहीतर देल्मिराला सांगण्यासारखं इर्माकडे काहीच उरणार नव्हतं.

"घ्या ना डॉक्टर," लॅबच्या स्वयंपाकघरात डबा उघडत देल्मिरा म्हणाली. "मुरड बघा, वेणीसारखी. म्हणजे मांसाची. काट्याने दाबलेली कड असली, की ती रताळ्याची, गोड."

इर्माने वेणीची मुरड बघून चांगला मोठा घास घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. आत रताळ्याचं गोडमिट्ट सारण!

"फसली! आई, डॉक्टर फसली!" आयलेन खुर्चीतून घसरेपर्यंत हसली. "ती मुरड मी घातली!"

"देवा, काय करू या पोरीला!" देल्मिरा ओशाळली. "पाठ वळली की हिचे उद्योग सुरू. माफ करा हं, डॉक्टर."

पण इर्मा टेबलावर थाप मारून हसत होती. "अगं ठकू, हाच तर तुझा आजार! पेशी जनुकाची लांबलचक नक्कल काढते. त्यातले निकामी तुकडे कापून टाकते आणि कामाचे तेवढे जोडते. कुठला कापायचा, कुठला ठेवायचा, हे तिला कडेच्या खुणांवरून कळतं. तुझ्या पेशीत एका निकामी तुकड्याला कामाच्या तुकड्याची मुरड पडलीय. ती बिचारी फसते, तो तुकडा आत जोडून घेते, आणि नकलेतला सगळा निरोपच बिघडतो."

"मग तुमचं औषध काय करतं?" देल्मिराने विचारलं.

इर्माने एका एंपानादेच्या कडेवर अंगठा दाबून धरला. "एवढंच. खोटी मुरड झाकून टाकतं. दिसलीच नाही, तर पेशी फसेल कशी?"

आयलेनने आपला अंगठा वर करून उलटसुलट न्याहाळला.

इर्मा हात धुऊन लॅबमध्ये पळाली. तिने नमुने जेलमध्ये भरले, तारा जोडल्या, वीज सोडली. कान मात्र स्वयंपाकघरातल्या हसण्याकडे होते. थोड्या वेळाने तिचा जुना सहकारी फाब्रिसिओ आला आणि वाकून जेलकडे बघू लागला.

"इर्मा, गोड पाव कुठल्या दुकानातून आणणार आहेस?"

इर्माने तारांकडे पाहिलं. लालच्या जागी काळी. बसथांब्यापर्यंत जाणारा तो आवाज आज शेजारच्या टेबलापर्यंतही पोचला नाही.

"पोरीचा नमुना मी पाण्यात घातला, फाब्री."

"अर्धा घातलास. अर्धा तू नेहमी राखून ठेवतेस, आणि आम्ही तुला चिकट म्हणतो. बघ, नळी बर्फात आहे." त्याने तिला कोपराने बाजूला सारलं. "तारा मी जोडणार. तू लांब उभी राहा, आणि हात खिशात ठेव."

इर्माने खरंच हात खिशात घातले. जेलचं काम संपेपर्यंत ती दाराशी उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होती.

मग दिव्याखाली रेघा उजळल्या. औषध न घातलेल्या पेशींची रेघ वर, जाडजूड. ती नको असलेल्या तुकड्यासकटची लांब नक्कल, म्हणून मागे रेंगाळलेली. औषध घातलेल्या पेशींची वरची रेघ जेमतेम दिसत होती, आणि तिच्या खाली, शेजारी तुलनेसाठी लावलेल्या निरोगी मुलाच्या रेघेच्या अगदी समोर, एक लख्ख रेघ.

या वेळी आरोळी फाब्रिसिओने ठोकली. बसथांब्यावरच्या माणसांनी नक्की वर पाहिलं असणार.

इर्मा फोटो घेऊन धावतच स्वयंपाकघरात गेली. "ऐकलं! पेशींनी ऐकलं!"

"म्हणजे ही बरी होणार?" देल्मिरा उभी राहिली.

इर्माने तिला खाली बसवलं आणि तीही तिच्याजवळ बसली. आनंदाच्या भरातही तिला खोटं बोलायचं नव्हतं. "ते मला अजून ठाऊक नाही. तपासण्या आहेत, परवानग्या आहेत. पण आजवर मी तुम्हाला नुसतं 'बघू' म्हणत आले. आज म्हणते, चला."

देल्मिराने डब्याचं फडकं तोंडाला लावलं. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. बाहेर फाब्रिसिओ दार न् दार ठोठावत सांगत सुटला होता, "या रे, आज इर्मा गोड पाव देणार!" आणि मजलाभर टाळ्या वाजत होत्या.

एवढ्यात आयलेनने डब्यातली एक एंपानादा उचलली. हात थरथरत होता, तरी तिने कडेवर अंगठा घट्ट दाबला आणि ती इर्मापुढे धरली.

"ओळख, आत काय आहे?"

"कशी ओळखू? मुरड तर दिसतच नाही."

"दिसणारच नाही," आयलेन म्हणाली. "मी औषध आहे."

देल्मिराने तो तेलकट, थरथरता अंगठा हातात धरला आणि त्याचा मुका घेतला.