डावीकडचा ट्रे

मित्रांनो, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ज्याचा उभा जन्म गेला, तो जुना लाकडी ट्रे मीच. माझा एक जुळा भाऊ होता. रुग्णालयाच्या सुताराने आम्हाला एकाच फळीतून कापलं. फळीतली लाटेसारखी रेघ अर्धी त्याच्या तळाशी गेली, अर्धी माझ्या. शेजारी ठेवलं की ती जुळायची.

कचेरीत आलो तेव्हा कारकूनबाईंनी भावाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली, 'इथे शिकलेले'. माझ्या कपाळावर, 'बाहेर शिकलेले'. तिथे दरवर्षी निवासी डॉक्टरांच्या सहा जागा निघत. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काही वर्षं राहिल्याशिवाय कुणालाही स्वतःहून रोगी तपासता येत नसे. त्या जागांचे अर्ज आमच्यात पडत. आधी भावाचे वाचायचे, जागा उरल्या तर माझे, अशी पद्धत. जागा कधी उरल्याच नाहीत. माझे कागद न वाचता दोरीने बांधून कपाटात जात.

मला अक्षरं उशिरा कळली. कागद अंगावर घेऊन निजता निजता हळूहळू वाचू लागलो. दुपारी पंखा फिरला की कागद कुजबुजत आणि मला डुलकी लागे. मग त्यांच्यावरचे गोल शिक्के चंद्रासारखे तरंगत. कुठल्या कुठल्या गावांतली बाळं रडत. कुणी अनोळखी भाषेत 'श्वास घे' म्हणे आणि मला ते समजे. जाग यावी तर समोर दोरी.

एक अर्ज सलग चार वर्षं आला. तो ज्या बाईचा होता, ती याच रुग्णालयात रोग्यांची चाकाची खुर्ची ढकलायची. सगळे तिला गाडीवाली म्हणत. ती आली त्या परक्या देशात मात्र तिने सात वर्षं डॉक्टर म्हणून बाळंतपणं केली होती. पाचव्या वर्षी ती आली तेव्हा कारकूनबाई म्हणाल्या, "आलीस? तुझ्या चिकाटीपुढे माझा डिंकसुद्धा फिका गं!"

"बाई, हा शेवटचा. डॉक्टरकी सुटून पाच वर्षं झाली की पुढे अर्जच घेत नाहीत."

"मग काय करशील?"

"खुर्ची ढकलीन. सासूबाई म्हणतात, निदान डॉक्टरांच्या पुढे तरी चालतेस!"

दोघी हसल्या. तिचा हात मात्र माझ्या काठावरून लवकर उठला नाही.

कारकूनबाईंना टापटिपीचं भारी वेड. अर्ज वाचायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला तेल लावून लख्ख पुसलं. त्यात जुन्या चिठ्ठ्या निघाल्या. बाईंनी ज्याचे कागद त्याच्यात परत ठेवले, नव्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि भावाची माझ्या कपाळी लावली, माझी त्याच्या. जुळ्यांच्या बाबतीत व्हायचं तेच झालं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. चिठ्ठी पाहून त्यांनी मला पुढे ओढलं. आधी कामाचं पान वाचायचं आणि कॉलेजचं नाव शेवटी, ही त्यांची सवय. माझे कागद कुणी वाचतंय, हे मला खरंच वाटेना. वाटलं, आपण अजून डुलकीतच आहोत.

"वीज नाही, रस्ता नाही, मूल आडवं, आणि दोघं सुखरूप!" ते पुटपुटले. "काय हात आहे या पोरीचा!"

चार अर्ज त्यांनी बाजूला काढले. मग शेवटची पानं उलटली आणि ते थबकले. कारकूनबाईंनी डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, चिठ्ठ्या उलट्या लागल्या. माझी चूक."

"म्हणजे मी वाचलं ते चुकीचं?"

"वाचलं ते बरोबर, साहेब. क्रम चुकला."

"हा क्रम ठरवला कुणी?"

"मी आले तेव्हापासून आहे."

"मी आलो तेव्हाही होता," मोठे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आमचे दोघांचे कागद एकत्र केले, पत्त्यांसारखे पिसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसले. "बाई, यापुढे एकच ट्रे."

गाडीवालीला मुलाखतीला बोलावणं गेलं. ती खुर्ची दाराबाहेर लावून तशीच आत गेली. सहा नावं लागली. चार भावाकडची, दोन माझ्याकडची. पाचवं नाव तिचं.

एकच ट्रे हवा म्हटल्यावर मी उरलो. अडगळीत गेलो. तिथे धुळीची दुलई ओढून किती झोपलो, देव जाणे. एक दिवस काठावर एक हात टेकला आणि तिथेच राहिला. तो मी लगेच ओळखला. गाडीवालीचा हात! तिनेच मला तिथून उचललं.

आता मी बाळंतिणींच्या दालनात असतो. नवजात बाळांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या माझ्यात ठेवतात. आई कुठून आली हे विचारून कुणी पट्टी निवडत नाही. जी वर असेल ती बांधतात.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, तेल लावा. पण उद्या तुम्ही अशा एखाद्या टेबलाशी बसाल, तेव्हा कोपऱ्यात काही बांधून ठेवलंय का ते आधी बघा. दोरी सोडा. नाही म्हणायचं तर वाचून म्हणा.

अजून मला डुलकी लागते. माझ्या तळाची रेघ हळूच पलीकडे जाते आणि कुठेतरी भावाच्या रेघेला मिळते. तेवढ्यात एखादं बाळ रडतं, आणि तिचा हात माझ्याकडे येतो.