नावाडीण उतरली का?

खोडरबराचा चुरा फुंकून टाकला तरी समासात पेन्सिलीचा पुसट वळसा राहिलाच होता — दोनदा लिहिलेला आणि दोनदा खोडलेला प्रश्न: नावाडीण उतरली का?

कादंबरीचा सातवा, शेवटचा खंड. शेवटची मुद्रितं तपासायची, आणि पाच वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार. राजाला गादी मिळाली, चेटक्याला माफी मिळाली, एका घोड्याच्या मरणालासुद्धा साडेतीन पानं मिळाली. आणि तिसऱ्या खंडात आजारी आईजवळ धाकट्या बहिणीला ठेवून, 'आलेच' म्हणून नाव लोटणारी ती नावाडीण? या खंडात तिनं अख्खं सैन्य पैलतीरी पोचवलं — त्याच तीरावर, जिथं ती बहीण होती — आणि लेखकानं तीन शब्दांत तिची बोळवण केली. 'नाव परत फिरली.' झालं!

मुद्रितं तपासताना प्रत्येक पात्राचं एक कार्ड ठेवायची तिची जुनी सवय: डोळ्यांचा रंग, जखम कुठल्या हाताला, कुणाला काय वचन दिलं. बाकीची कार्डं भरत गेली. नावाडिणीच्या कार्डावर नऊ वर्षं एकच ओळ — 'आलेच' म्हणाली...

"बाई, झालं का?" व्यवस्थापक दारात उभे.

"एक शंका आहे. ती नावाडीण..."

"कोण नावाडीण?" ते हसले. "अहो, आपण चुका बघायच्या. गोष्ट बघायला लेखक आहेत की."

चुका बघायच्या. मग ही चूक नव्हे तर काय?

चार खंड ती वाट बघत होती ती एवढ्याचसाठी: इतक्या वर्षांनी पैलतीरी पाय ठेवल्यावर माणूस पहिलं वाक्य काय बोलतं? लेखकाला ते ठाऊक असेल असं ती धरून चालली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तीही दर रविवारी फोनवर सांगायची, 'हा खंड हातावेगळा केला की आलेच' — वर औषधांच्या वेळाही तीच सांगायची, उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या — आणि पोचली तेव्हा अंथरूण गुंडाळलेलं, धाकटी दारात, ओले हात तसेच... "आता कशाला आलीस, ताई?" काही सुचलं नव्हतं. सहा वर्षं झाली, अजून सुचत नाही. लेखकालाही सुचलं नाही, म्हणून त्यानं नाव फिरवली, लबाड! आणि मी? मी तर बॅगही खाली न ठेवता परत फिरले.

पाचला सात मिनिटं. शंका पेन्सिलीनंच लिहायची, लेखकाला नको असेल तर पुसता यावी — हा नियम तिनंच घालून दिलेला. तिनं पेन काढलं आणि त्या वळशावरूनच शाईनं लिहिलं: नावाडीण उतरली का?

गठ्ठा गेला. टेबलावर कार्ड तेवढं उरलं. तिनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. इतक्या वर्षांनी धाकटीनं आवाज ओळखलाच नाही, 'कोण?' म्हणाली तर... आणि मग तिच्या ध्यानात आलं की 'कोण?' एवढ्या प्रश्नाचं उत्तर तरी आपल्याला येतं: ताई.